झाकोळ गट: अरबी शब्दांच्या प्रकल्प नोंदी

१४ जून, मस्कत

अरबी–मराठी अर्थसंग्रहाचा पुढचा गट आज उघडला. आभाळ भरून येणं, पाणी गढुळणं, नजर धूसर होणं, आणि या तिन्हींच्या आधारानं मनाबद्दल, माणसांबद्दल, राजकारणाबद्दल बोलणं. अरबीत यासाठी शब्दांची रास आहे. सगळे घ्यायचे नाहीत. आजच्या वर्तमानपत्रात आणि बोलण्यात भेटणारे, किंवा ज्यांच्यावाचून जुनं काव्य आणि कुराण कळत नाही, तेवढेच घ्यायचे.

समोर इब्न फारिसचा कोश आहे (मृत्यू १००४), कारण तो प्रत्येक धातूच्या मुळाशी असलेला अर्थ शोधतो. इब्न मन्झूरचा ‘लिसान अल्-अरब’ आहे, उदाहरणांसाठी. एडवर्ड लेनचा कोश या गटाला अर्धाच उपयोगी. १८७६ साली तो वारला, आणि ‘क़ाफ’च्या पुढची अक्षरं त्याच्या टिपणांवरून तुटक तुटक छापली गेली. आपला क-द-र (गढूळ होणं) हा धातू नेमका त्या तुटक भागात येतो.

मराठीत ‘मळभ’ म्हटलं की मन उदास होतं. मराठी वाचक तीच उदासी घेऊन अरबी कवितेतल्या ढगाकडे जातो आणि ओळ उलटी लावतो. हा गट नीट झाला तर ते टळेल. म्हणून शब्दाला मराठी प्रतिशब्द जोडून थांबायचं नाही. तो आभाळातला आहे, पाण्यातला, डोळ्यातला की हृदयातला, हे प्रत्येक कार्डावर आधी लिहायचं.

१७ जून

सहाब. ढगासाठी सगळ्यात सरळ शब्द. धातू स-ह-ब, म्हणजे ओढणं, फरफटत नेणं. वाऱ्यानं ओढून नेलेला तो सहाब. याच धातूतून बँकेतून पैसे काढणं (‘सह्ब’), सैन्याची माघार (‘इन्सिहाब’) आणि कपड्याची चेन (‘सह्हाब’). इथल्या एटीएमवर रोज ‘सह्ब’ हा शब्द दिसतो आणि तिथं ढगाची आठवणही कुणाला होत नाही. आधुनिक अरबीत गगनचुंबी इमारत म्हणजे ‘नातिहात सहाब’, ढगांना शिंगांनी ढुशी मारणारी. क्लाउड कॉम्प्युटिंग म्हणजे ‘अल्-हौसबा अस्-सहाबिय्या’. यांत कुठंही उदासीची छटा नाही.

जुन्या स्तुतिकाव्यात तर ढग म्हणजे दाता. आश्रयदात्याला ढग म्हणायचं, त्याच्या हाताला पाऊस म्हणायचं. ‘नदा’ या एकाच शब्दात दव आणि औदार्य दोन्ही आहेत. हारून अल्-रशीदबद्दल सांगतात की डोक्यावरून जाणाऱ्या ढगाला तो म्हणाला, हवं तिथं बरस, तुझा महसूल माझ्याकडेच येणार आहे. गोष्ट खरी घडली असो वा नसो, वाळवंटाच्या कडेला बसलेल्या राज्यात ढगाची किंमत काय होती ते तिच्यातून कळतं.

एक म्हण आहे: कुत्र्यांच्या भुंकण्यानं ढगाचं काही बिघडत नाही. उघड्यावर राहणाऱ्या कुत्र्यांना हिवाळी पावसाचा त्रास होतो, म्हणून ढग दिसला की ती भुंकतात, असं जुनं स्पष्टीकरण. आपल्याकडे हत्ती चालतो आणि कुत्री भुंकतात. कार्डावर दोन्ही शेजारी ठेवतो. ढग इथं प्रतिष्ठित, धीरगंभीर माणसाच्या जागी आहे, हे मराठी वाचकाला हत्तीमुळे लगेच कळेल.

आणखी एक वाक्प्रचार घेतला: ‘मर्र मर्र अस्-सहाब’, ढगासारखं निघून गेलं. कुराणात (२७:८८, म्हणजे सूरा किंवा अध्याय २७, आयत ८८) स्थिर वाटणारे डोंगर ढगांसारखे चालत असल्याचं वर्णन आहे. पुढे तो संधीसाठी आणि आयुष्यातल्या वर्षांसाठी रुळला. भर वेगावर आहे, काळोखावर नाही.

२१ जून

ओमानच्या दक्षिणेकडच्या दोफारमध्ये आजपासून अधिकृतरीत्या खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, सुरू. तो २१ सप्टेंबरपर्यंत चालतो. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा तिथल्या किनाऱ्यालगत येतो, खालून वर आलेल्या थंड समुद्रपाण्यावर त्याचा ओलावा निवून बारीक थेंब होतो आणि सलालामागच्या डोंगरांना धुकं आणि भुरभुर वेढून टाकतात. डोंगरावरची झाडं पानांवर हे धुकं धरतात आणि थेंब थेंब जमिनीत सोडतात. चार थेंब पावसावर जगणाऱ्या प्रदेशात त्या पट्ट्यात रानच उभं राहतं.

दोफारी शेजारी काल सहकुटुंब गावी गेले. निघताना त्यांनी गैम, दबाब, रदाद (ढगाळ, धुकं, भुरभुर) हे तीन शब्द असे उच्चारले, जसे आपण आंबा, फणस, काजू म्हणू. आखातातून लोक शेकडो किलोमीटर गाडी चालवत सलालाला जातात, ते सूर्य झाकलेला बघायला. ‘गाइम’ (ढगाळ) हा शब्द हवामानाच्या बातमीत आला की इथं चेहरे खुलतात.

‘खरीफ’ हा शब्द या गटातला नाही, तरी जोडटीप लिहिली. ख-र-फ म्हणजे फळं तोडणं, खरीफ म्हणजे ती तोडायचा शरद ऋतू. दोफारमध्ये तो पावसाळा झाला, आणि आपल्याकडे तोच ‘खरीप’ म्हणून सातबाऱ्याच्या पीकपाहणीत जाऊन बसला. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी असलेला शब्द वगळायचा जीव होत नाही.

२७ जून

फसवे ढग. हा उपगट स्वतंत्र करावा लागला, कारण अरबी ढगाचा दोष काळेपणा नसून न बरसणं हा आहे.

निशापूरचा सआलिबी (मृत्यू १०३८) ढगांची अवस्थेनुसार नावं देतो: नुकता उगवला तो नश्अ, हवेत ओढला गेला की सहाब, त्याच्यामुळे आभाळाचा रंग बदलला की गमाम, पाणी सांडून रिकामा झाला की जहाम. या जहामवरून ज्याच्यापासून काहीच मिळायचं नाही अशा माणसाचं वर्णन करतात. ‘बर्क खुल्लब’ म्हणजे पाऊस न आणणारी वीज, आणि म्हणून पोकळ आश्वासन. मंत्र्यांच्या घोषणांवरच्या अग्रलेखांत हा आजही भेटतो.

‘सहाबत सैफ’, उन्हाळ्यातला ढग. नवरा-बायकोत, दोन देशांत काही बिनसलं की म्हणतात, उन्हाळी ढग आहे, जाईल. मराठीत इथं वळवाचा ढग लिहायचा मोह होतो, पण वळीव येतो आणि झोडपून जातो. अरबी उन्हाळी ढग फक्त येतो आणि विरतो. प्रतिशब्द: ‘चार दिवसांची कुरबुर’. वळीव कार्डावरून काढला.

मला सगळ्यात आवडलेला शब्द मखीला. बरसेलसा वाटणारा ढग. धातू ख-य-ल, म्हणजे दिसणं, भासणं, मनात आकार धरणं. याच धातूतला ‘खयाल’. मैफलीत ख्याल ऐकणारा मराठी माणूस आणि आभाळाकडे बघून ‘हा बरसेल’ म्हणणारा बेदुईन एका धातूपाशी येऊन भेटतात. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींत) आहे की आभाळात मखीला दिसला की पैगंबर अस्वस्थ होऊन आतबाहेर करत, चेहऱ्याचा रंग बदलत असे, आणि पाऊस पडू लागला की ते मोकळे होत. असं का, ते पुढच्या कार्डात.

३ जुलै

आरिद. क्षितिजावर आडवा येऊन समोर ठाकलेला ढग. कुराणात (४६:२४) आद जमातीची गोष्ट आहे. आपल्या दऱ्यांकडे येणारा ढग बघून ते म्हणाले, हा आरिद आपल्याला पाऊस देणार. प्रत्यक्षात तो वारा होता आणि त्याच्यात त्यांचा नाश होता. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांनी त्यांना त्या अस्वस्थतेबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी याच लोकांचा दाखला दिला.

इथंही ढगाचं भय त्याच्या अंधारातून आलेलं नाही. आदच्या लोकांनी त्याला दाता समजलं, त्यांची आशा खरी होती, म्हणून गोष्ट इतकी लागते. हे कार्डावर दोन वाक्यांत बसवलं.

धातू अ-र-द, समोर मांडणं, सादर करणं. फारसीतून मराठीत आलेला ‘अर्ज’ याचाच. तहसील कचेरीत आपण जो समोर ठेवतो तो अर्ज, आणि आभाळ जो समोर ठेवतं तो आरिद. अरबी ‘दाद’ हे अक्षर फारसीच्या वाटेनं आलं की मराठीत ‘ज’ होतं, थेट लिहिताना आम्ही ‘द’ ठेवतो. हा नियम प्रस्तावनेत हवा.

१० जुलै

ग-म-म. या गटाचा गाभा. वेळ लागला आणि लागायलाच हवा होता.

इब्न फारिस म्हणतो, या धातूचा मूळ अर्थ एकच: झाकणं, वरून बंद करणं. त्यातून गमाम, आभाळ झाकणारा ढग. त्यातूनच उंटाच्या तोंडावर बांधायची झोळी ‘गिमामा’, आणि कपाळावर केस आलेला माणूस ‘अगम्म’. आणि त्यातूनच गम्म, दुःख. हृदयावर झाकण पडतं ते. दुःखाला अरबीत शब्द बरेच आहेत, पण गम्ममध्ये श्वास कोंडण्याचा भाग आहे.

गुम्मा म्हणजे संकट, आणि संदिग्धताही. कुराणात (१०:७१) नूह आपल्या विरोधकांना आव्हान देतात: तुमचं काय ते ठरवा आणि ते तुमच्यासाठी गुम्मा राहू देऊ नका, म्हणजे झाकलेलं, अर्धवट राहू देऊ नका. चंद्रदर्शनाच्या हदीसमध्ये हाच धातू क्रियापद होऊन येतो. चंद्र बघून उपास धरा, चंद्र बघून सोडा, आणि तो तुमच्यापासून झाकला गेला (‘गुम्म’) तर तीसची संख्या पूर्ण करा. रमजान ज्या वर्षी पावसाळ्यात येतो त्या वर्षी कोकणातल्या मशिदीत एकोणतिसाव्या संध्याकाळी जे घडतं ते नेमकं हेच.

तरी झाकणं नेहमी वाईट नाही. निर्जन प्रदेशात भटकणाऱ्या इस्राएलच्या लोकांवर गमामाची सावली धरली, असं कुराण (२:५७) कृपा म्हणून सांगतं. मदिनेत ‘मस्जिद अल्-गमामा’ आहे, ढगाची मशीद. पैगंबर तिथं ईदची आणि पावसासाठीची नमाज पढले अशी परंपरा. म्हणजे धातू एकच, आणि तो दिलासा देतो की घुसमटवतो हे खाली काय झाकलं गेलंय यावर ठरतं. उन्हात तापलेलं डोकं झाकलं तर कृपा. चंद्र, डोळा, काळीज झाकलं तर गुम्मा. माझ्या मते सगळा गट या एका गोष्टीभोवती लावता येतो, आणि तसाच लावणार आहे.

मराठीत हा धातू ‘गम’ होऊन आला. गमगीन तर कळतोच. पण ‘जरा गम खा’ यात दुःख उरलेलं नाही. फारसीत ‘गम खुर्दन’ म्हणजे दुःख सोसणं, काळजी वाहणं. मराठीनं त्यातलं सोसणं तेवढं ठेवून सबुरीचा, राग गिळण्याचा अर्थ पक्का केला. बाजारात भाव पडलेला असताना माल काढू नको, गम खा, असं म्हणणाऱ्याला आपण आभाळाच्या धातूतून बोलतोय याचा पत्ता नसतो. हे कार्ड संग्रहात ठळक छापायचं.

१९ जुलै

पाण्याकडे वळलो. इथं अरबी खरोखर कडवट होते.

क-द-र: गढूळ होणं. आधी सावधगिरीची चौकट, कारण मराठी वाचक हमखास अडखळेल. आपली कदर, तकदीर, कुदरत हे सगळे ‘क़ाफ’वाल्या क़-द-रचे, म्हणजे मोजमाप आणि सामर्थ्य यांचे. गढूळपणाचा क-द-र ‘काफ’चा. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, म्हणून पहिल्याला नुक्ता द्यायचा ठरवलं.

अम्र इब्न कुल्सूमच्या इस्लामपूर्व मुअल्लकेत (नावाजलेल्या दीर्घ कवितेत) प्रसिद्ध ओळ आहे: आम्ही पाणवठ्यावर आलो की स्वच्छ पाणी पितो, आणि इतरांना प्यावं लागतं ते गढूळ, चिखलाचं. टोळीचा सगळा माज पाण्याच्या रंगात सांगितलाय. आधी कोण पोचणार, कोणाच्या जनावरांनी तळ ढवळल्यावर कोणाला प्यावं लागणार, यावर प्रतिष्ठा ठरायची. सफ्व (निवळ) आणि कदर (गढूळ) ही जोडी तिथून संबंधांकडे गेली. निखळ मैत्री ती सफा, तिच्यात साचतो तो कदर. आपला ‘साफ’ याच स-फ-वचा, ‘साफ मनाचा माणूस’ म्हणताना तो अजूनही मूळ जागी आहे.

कैरोच्या सहकाऱ्यानं दोन उपयोग दिले, दोन्ही घेतले. इजिप्तच्या कायद्यात सार्वजनिक शांततेचा भंग म्हणजे ‘तक्दीर’, शब्दशः गढुळवणं. आणि तिथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत शिक्षा म्हणून करायला लावलेली दमछाक करणारी कवायत, तीही तक्दीर. तो म्हणाला, ‘‘कायद्यात नागरिक देशाचं पाणी गढुळवतो, छावणीत अधिकारी शिपायाचं.’’ हे त्याच्याच शब्दांत ठेवलंय.

अ-क-र हा शेजारी धातू. तेलाच्या बुडाशी बसतो तो गाळ अकर. पाणीपुरवठ्याच्या अहवालात पाण्याची गढूळता म्हणजे ‘अकारा’. मन उडालं, दिवस नासला तर मिझाज ‘मुअक्कर’. आणि सरकारी निवेदनांतला नेहमीचा आरोप: काही जण ‘गढूळ पाण्यात शिकार’ करत आहेत. दोन बाजूंच्या भांडणाचा फायदा उठवणारे. मराठी प्रतिशब्द: ‘आपली पोळी भाजून घेणारे’.

२ ऑगस्ट

डोळ्यांचे शब्द भराभर उरकले.

गिशावा: डोळ्यावरचा पडदा, कुराणात (२:७) सत्य न पाहणाऱ्यांच्या नजरेवर. गबश: पहाट फुटायच्या आधीचा अंधूकपणा, आणि दृष्टीचाही. मोतीबिंदूला बोलीत ‘पांढरं पाणी’ म्हणतात, काचबिंदूला ‘निळं पाणी’. जुन्या वैद्यकात तो डोळ्यात उतरणारं पाणीच होता. मौसिलच्या अम्मार इब्न अलीनं सुमारे हजार वर्षांपूर्वी मोतीबिंदू पोकळ सुईनं शोषून काढण्याची रीत वर्णन केली.

दबाब म्हणजे धुकं. त्याचं भाववाचक ‘दबाबिय्या’ आता बातम्यांत सारखं येतं: चित्राची दबाबिय्या, वाटाघाटींची दबाबिय्या. अर्थ अस्पष्टता. दोफारी शेजाऱ्यांच्या तोंडी मात्र दबाब अजून सुट्टीचा शब्द आहे. दोन्ही अर्थ, दोन उदाहरणं, कार्ड एकच.

१४ ऑगस्ट

गटाच्या मांडणीला अडचण आणणारी एक आयत आहे, तिला बगल द्यायची नाही. २४:४० मध्ये श्रद्धाहीनांच्या कृत्यांची उपमा खोल समुद्रातल्या अंधाराशी दिलीय: लाटेवर लाट, तिच्यावर सहाब, अंधारावर अंधार, हात पुढे केला तरी दिसू नये. इथं दाता असलेला सहाबच काळोखाचा वरचा थर झालाय.

तीन आयती पुढे, २४:४३ मध्ये, तोच सहाब हळूहळू हाकला जातो, जोडला जातो, ‘रुकाम’ म्हणजे ढीग होतो आणि त्याच्या पोटातून पाऊस निघतो. हे दोन सहाब एकाच सूरेत, इतक्या जवळ. एक खलाशाच्या डोक्यावरचा, दुसरा कोरड्या जमिनीवरचा. समुद्रात ढग दिशा दाखवणारे तारे झाकतो आणि पाण्याची तिथं कुणाला गरज नसते. गमाममध्ये जे दिसलं ते इथंही लागू पडतं. दोन्ही आयती एकाच कार्डावर समोरासमोर छापायच्या.

रुकामची टीप: कोसळलेल्या इमारतीचा ढिगाराही रुकाम, युद्धाच्या बातम्यांत रोज. हवामानशास्त्रात गडगडाटी ढग ‘अल्-मुझ्न अर्-रुकामी’. मुझ्न म्हणजे पाण्यानं भरलेला ढग, कुराणातलाच शब्द.

२९ ऑगस्ट

हृदयाचे दोन शब्द, रान आणि गैन.

रान (८३:१४): केलेल्या कर्मांनी हृदयावर चढलेला गंज. गैन: पातळ ढग. कोशकार गैमचंच हे दुसरं रूप मानतात, अरबी वर्णमालेतल्या एका अक्षराचं नावही हेच. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात पैगंबरांचे शब्द आहेत: माझ्या हृदयावर आवरण येतं (‘युगानु’) आणि मी दिवसातून शंभर वेळा अल्लाहची क्षमा मागतो. पैगंबरांच्या हृदयावर आवरण कसं, यावर भाष्यकारांनी खूप विचार केला. लाहोरला राहिलेल्या अकराव्या शतकातल्या हुज्वीरींनी फारसीत दोन पडदे सांगितले: रैनी, जो कधी जात नाही, आणि गैनी, जो येतो आणि निघून जातो.

प्रतिशब्दावर संपादक ताईंशी बरंच बोलणं झालं. त्यांना ‘मालिन्य’ हवं होतं, मला ते जड वाटलं आणि त्यात दोष आहे, हवामान नाही. अखेर रानला ‘गंज’, गैनला ‘झाकोळ’. गटाचं नावही त्यावरूनच.

९ सप्टेंबर

एक आधुनिक कार्ड वाढवलं, ‘अस्-सहाबा अस्-सौदा’, काळा ढग. ऑक्टोबर १९९९ मध्ये कैरोवर दाट, जळका धूर उतरला आणि पुढे शरदात तो पुन्हा पुन्हा येत राहिला. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात भात कापल्यावर पेंढा जाळतात, त्याच दिवसांत थंड हवा जमिनीलगत अडकून बसते, धूर वर जाऊ शकत नाही. सहकाऱ्याच्या मते त्याच्या पिढीला ‘सहाबा’ म्हटल्यावर आधी हा ढग आठवतो, कवितेतला दाता नंतर. त्यामुळे सहाबच्या मुख्य कार्डावर ‘इजिप्त, १९९९ नंतर’ अशी खूण घातली.

१८ सप्टेंबर

शेवटचा उपगट: निवळणं. झाकोळाचे शब्द दिले आणि तो सरण्याचे दिले नाहीत तर वाचकाच्या हातात अर्धंच काही पडेल.

इन्कशअ: ढग पांगणं. कशफ: झाकण काढणं. प्रार्थनेत ‘आमच्यावरची गुम्मा कशफ कर’ असं मागणं असतं, आणि साथ, युद्ध, टंचाई संपली की वर्तमानपत्र लिहितं, ‘इन्कशअत अल्-गुम्मा’. पाण्यासाठी यातलं काहीच चालत नाही, गढूळ पाणी ‘सफा’ होतं.

मराठीत यासाठी तीन क्रियापदं आपल्याकडे आधीपासून वेगळी आहेत, ती तशीच वापरायची. आभाळासाठी ‘उघडणं’, पाण्यासाठी ‘निवळणं’, मनासाठी ‘मोकळं होणं’. ‘इन्कशअत अल्-गुम्मा’च्या कार्डावर ताईंनी सुचवलेलं वाक्य घेतलं: ‘‘तीन वर्षांनी घराला जरा उघडीप मिळाली.’’ कार्ड छपाईच्या फाइलमध्ये गेलं.